जादूच्या माशाला बादलीत ठेवू नका

प्रति,
मुलांच्या पुस्तकांचे संपादक व प्रकाशक आणि मुलांसाठी अॅनिमेशनपट काढणारे निर्माते यांस

विषय : मूल आणि समुद्रातला जादुई प्राणी यांच्या मैत्रीच्या गोष्टींतून समुद्रच गाळला जात असल्याबाबत

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर एकटंच खेळणारं मूल, खडकाआडून डोकावणारा कुणी अद्भुत जलचर, दोघांची गट्टी, मोठ्यांपासून लपवाछपवी आणि शेवटी ताटातूट. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना आवडत आली आहे. तिचा कंटाळा आम्हालाही आलेला नाही. आम्ही अशाच गोष्टी लिहितो, त्यांची चित्रं काढतो, छपाईला जाण्याआधी त्या तपासून देतो. हस्तलिखिताच्या समासात आम्ही लिहितो, 'हा प्राणी गोड्या पाण्यात जगणार नाही.' बाड परत येतं तेव्हा त्याखाली शेरा असतो, 'जादूचा आहे ना? मग चालेल.'

चालत नाही. का चालत नाही ते या पत्रात तपशिलाने मांडतो आहोत. पत्र खुलं ठेवलं, कारण ही पुस्तकं विकत घेणाऱ्या आणि रात्री मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या माणसांनाही या शेऱ्याची किंमत कळायला हवी.

आधी जादूबद्दल. प्राण्याने बोलावं, चमकावं, वादळ थोपवावं, आमची काही हरकत नाही. पण तो बोलतो याचं नवल कधी वाटतं? बाकी सगळ्या बाबतींत तो खराखुरा प्राणी असेल तेव्हा. त्याला भूक लागते, उन्हाने त्याची कातडी सुकते, पाणी खराब झालं की त्याला धाप लागते. आणि एवढं सगळं असून तो मुलीला नावाने हाक मारतो! उलट, कुठल्याही पाण्यात जगणारा, काहीही खाणारा, हवेतही मजेत राहणारा प्राणी बोलला काय आणि न बोलला काय, सारखंच. सात वर्षांचं मूलही तिसऱ्या पानावर विचारतं, 'मग तो उडून का नाही गेला?' त्याला उत्तर देताना वाचणाऱ्याची दमछाक होते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार बादलीची. गोष्टीतली मुलगी प्राण्याला घरी आणते, न्हाणीघरातल्या टबात सोडते, वर मूठभर मीठ टाकते आणि पुढची चार प्रकरणं दोघं सुखात असतात. हिशेब करून पाहा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टबात दीडशे लिटर पाणी धरलं तर सव्वापाच किलो क्षार लागतील. मुलीच्या मुठीत त्याचा किती अंश मावेल? शिवाय स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही असतं आणि तिथल्या जिवांना तेही लागतं.

गोड्या पाण्यात नेमकं काय बिघडतं? समुद्री माशाच्या अंगातलं पाणी समुद्राहून कमी खारं असतं. त्यामुळे त्याच्या शरीरातून पाणी सतत बाहेर झिरपत असतं. मासा समुद्राचं पाणी पिऊन ती तूट भरून काढतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्याला गोड्या पाण्यात टाकलं की गाडी उलटी फिरते. पाणी आत घुसू लागतं, पेशी फुगतात, आणि हे पाणी बाहेर काढण्याची सोय त्याच्याकडे नसते. ऑक्टोपस, तारामासा यांच्याकडे तर अंगातल्या क्षारांवर ताबा ठेवण्याची यंत्रणा जवळपास नसतेच, त्यामुळे ते आणखी लवकर कोलमडतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो तो वेगळाच. तांब्याचा अंशही ऑक्टोपससारख्या प्राण्यांना विषासारखा बाधतो, म्हणजे त्याला तांब्याच्या हंड्यात ठेवणारं ते सुंदर चित्र प्रत्यक्षात त्याच्या मरणाचं चित्र आहे.

पाणी खारं करून घेतलं तरी सुटका नाही. २५ अंश तापमानाला एका लिटर गोड्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी आणि कोमट पाण्यात आणखी कमी. टबातलं पाणी हलत नाही, त्यामुळे संपलेला ऑक्सिजन भरून यायला वेळ लागतो. शिवाय मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकत असतो. समुद्रात तो विरून जातो, टबात साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून मासे पाळणारे जाणकार आधी टाकी तयार करतात आणि मासा नंतर आणतात. गोष्टीतल्या मुलीकडे आठवडे नसतात. रात्री नऊला आणलेला प्राणी पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागेल, त्याच्या कल्ल्यांची हालचाल वाढेल, रंग उतरेल. मुलगी जागी होईल आणि आपण याला वाचवलं नाही, संकटात आणलं, हे तिला कळेल.

लेखकाने हा प्रसंग लिहिलेला असतो. तुम्ही तो 'मुलांना झेपणार नाही' म्हणून कापता आणि त्याच्या जागी फेसाचे बुडबुडे घालता. आमच्या मते अख्ख्या गोष्टीत कापू नये असं एकच पान असेल तर ते हेच.

या बाबतीत फार जुना दाखला आपल्याकडेच आहे. शतपथ ब्राह्मणात मनू हात धुतो तेव्हा त्या पाण्यात एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. कशापासून? पुरापासून. मग तो कसं वाढवायचं तेही सांगतो. आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो, म्हणून आधी मला घड्यात ठेव. घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेनासा झाला की समुद्रात सोड, मग मला धोका उरणार नाही. मनू मूल नव्हता हे खरं. पण गोष्टीची रचना पाहा. भांडं तात्पुरतं आहे हे पहिल्याच भेटीत ठरलेलं आहे, ते का हवं त्याचं कारण दिलेलं आहे, प्राणी वाढणार हे गृहीत आहे, आणि शेवटचा मुक्काम समुद्र. प्राण्याला स्वतःची गरज आहे आणि बदल्यात द्यायला काहीतरी आहे. इतक्या जुन्या गोष्टीला जे जमलं ते आजच्या गुळगुळीत रंगीत पुस्तकांना का जमू नये?

दुसरी तक्रार शरीराची, आणि ती मुख्यतः चित्रांबद्दल आहे. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिन आणि देवमासा यांची आडवी असते आणि वर-खाली हलते. तुमच्या पुस्तकांत एकाच प्राण्याची शेपूट मुखपृष्ठावर उभी आणि आत आडवी असते. चित्रपटात तर आडव्या शेपटीचा प्राणी सापासारखा वळवळत जातो. कल्ले आणि डोक्यावरचं श्वासछिद्र एकाच अंगावर काढलेलंही आम्ही पाहिलं आहे. मुद्दाम काढलं असेल तर काढा, पण मग तो पाण्याखाली किती वेळ राहू शकतो ते ठरवा. तो श्वास घ्यायला वर येत असेल तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी नजरेला पडण्याचा धोका आला. ही भीती गोष्टीला फुकटात मिळते आणि तुम्ही ती नाकारता.

बहुतेक माशांना पापण्या नसतात, म्हणून डोळे मिटून गाढ झोपलेला मासा खोटा वाटतो. डॉल्फिन एका वेळी अर्ध्या मेंदूने झोपतो, एक डोळा उघडा ठेवून. मित्र झोपला आहे की आपल्याकडे पाहतो आहे हे मुलाला कळू नये, यापेक्षा गमतीचं दृश्य कुठलं? ऑक्टोपसच्या बाहुल्या आडव्या असतात आणि तो कसाही कलला तरी बहुधा आडव्याच राहतात. त्याचे हात आठ. आठच. सात आणि नऊ हातांचे ऑक्टोपस छापून गेले आहेत. त्यांना जादूचं म्हणण्यापेक्षा कुणी मोजलं नाही एवढंच म्हणावं. आणि त्याच्या हातांवरच्या चोषकांना चव कळते. त्याने मुलीचं बोट धरलं म्हणजे तो तिला चाखतो आहे. तिच्या हाताला साबण असेल, उन्हासाठी लावलेलं मलम असेल, तर ओळखीची पहिली चव कडू. एवढ्या एका वाक्यावर प्रकरण उभं राहू शकतं.

रंगाबद्दल एकच सांगतो. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो. पाचदहा मीटर खोल गेलं की लाल वस्तू मळकट तपकिरी दिसते, आणखी खाली काळपट. म्हणूनच खोल समुद्रातले कितीतरी प्राणी लाल असतात. तिथे लाल म्हणजे अदृश्य. सुमारे २०० मीटरखाली उजेड अगदी अंधुक आणि १००० मीटरखाली सूर्य संपलाच. तळाशी झळझळीत लाल खवले काढायचे असतील तर आधी कुणाच्या तरी हातात दिवा द्या. प्राणी स्वतः चमकत असेल तर तो उजेड निळा ठेवा. समुद्रातल्या जिवांचा उजेड बहुतेक निळा-हिरवट असतो, कारण पाण्यात निळाच दूरवर जातो.

आवाजाची गंमतही वाया जाते. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास. त्यामुळे पाण्याखाली माणसाला आवाज येतो पण कुठून येतो ते कळत नाही. दोन्ही कानांवर तो जवळपास एकदमच पोचतो. आणि पाण्यातला आवाज पृष्ठभाग ओलांडून हवेत जवळजवळ येतच नाही, वरच्या वर परततो. म्हणजे खडकावर बसलेल्या मुलाला पाण्याखालून मारलेली हाक ऐकू येणार नाही. त्याला डोकं पाण्यात घालावं लागेल, नाहीतर पोकळ नळीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाशी धरावं लागेल. लांबच्या जहाजांचा आवाज असा ऐकता येतो हे लिओनार्दो दा विंचीने १४९० च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. मित्राशी बोलण्यासाठी मुलाने नळी शोधायची, पहिली गळकी निघायची, दुसरीतून नुसती घरघर यायची आणि तिसरीतून स्वतःचं नाव. आहे की नाही प्रकरण?

तिसरी तक्रार आमच्या मनात सर्वांत मोठी आहे. तुमच्या गोष्टींत भरती-ओहोटी नसते. मूल रोज संध्याकाळी पाचला त्याच खडकावर जातं आणि मित्र हजर असतो, जणू शिकवणीची वेळ. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि हे चक्र २४ तास ५० मिनिटांचं असतं. म्हणजे आज ओहोटी पाचला, तर उद्या सहाला दहा कमी, परवा सहा चाळीसला. आठवड्याभरात ती रात्री अकराच्या आसपास जाते आणि संध्याकाळी पाचला त्या खडकावर भरतीचं पाणी असतं. पंधरा दिवसांनी दुसरी ओहोटी सरकत सरकत पुन्हा संध्याकाळच्या वेळेला येते. शाळेची वेळ हलत नाही, जेवणाची हलत नाही, घरी परतायची हलत नाही; समुद्राची मात्र रोज हलते. मैत्रीत पडणारा खंड, चुकलेली भेट, 'तो आलाच नाही' हा गैरसमज, घरी खोटं बोलण्याची पाळी, हे सगळं या पन्नास मिनिटांतून आपोआप निघतं. लेखकाला दुष्ट काका किंवा लोभी कारखानदार शोधावाच लागत नाही.

आणखी खोलात गेलात तर आणखी मिळेल. अमावास्या-पौर्णिमेनंतर उधाण येतं, तेव्हा भरती सर्वांत वर आणि ओहोटी सर्वांत खाली. मधल्या अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी थोडंच चढतं-उतरतं. त्यामुळे खडकांतली सर्वांत खालची खळगी महिन्यातून मोजकेच दिवस उघडी पडतात. प्राणी तिथेच राहत असेल तर भेटीही तेवढ्याच. आणि जाता जाता चित्रकारांना : मध्यरात्रीच्या आकाशात द्वितीयेची कोर काढू नका. ती सूर्यास्तानंतर लवकरच मावळलेली असते.

भरतीचा वेगही सारखा नसतो. खलाशी त्याचा ठोकताळा बारा भागांत मांडतात. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. मूल खळग्यात वाकून मित्राशी खेळत असतं तेव्हा पहिला तासभर काहीच घडल्यासारखं वाटत नाही, आणि मग परतीची वाट मागून एकदम बंद होते. खऱ्या किनाऱ्यांवर माणसं अडकतात ती अशीच. गोष्टीत हे यावं, कारण यातून थरार येतो आणि मूल ते विसरत नाही.

इथून चौथी तक्रार निघते, सुरक्षिततेची. यात आम्ही तडजोड करणार नाही. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतो. चित्रकारांना तो फार आवडतो, प्राणी नेमका तिथून वर येताना दाखवतात आणि मूल त्याच्याकडे धावतं. किनाऱ्यावर चढलेलं पाणी अनेकदा त्याच पट्ट्यातून जोराने समुद्रात परत जात असतं. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नसतं. तरंगत राहायचं, हात उंचावून मदत मागायची आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. तुमचं पुस्तक वाचणारं मूल उद्या खऱ्या समुद्रावर जाईल आणि शांत पट्टा शोधेल.

तसंच सुंदर दिसणाऱ्या प्रत्येक जिवाला हात लावण्याचं. निळी वलयं अंगावर असलेला ऑक्टोपस मुलाच्या तळहातावर मावतो आणि त्याच्या चाव्यातलं विष माणसाचा श्वास थांबवू शकतं. नक्षीदार शंखात राहणारी शंकूगोगलगाय विषारी दात भाल्यासारखा मारते. किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशचे तंतूही डंख करतात. उलट बाजूने, माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या हाताने तो निघतो आणि तिथे रोग शिरतो. ओळख पाहण्यापासून सुरू होऊ द्या. हात पुढे करायचाच असेल तर मुलाने तो ओला करून पाण्यात स्थिर ठेवावा आणि जवळ यायचं की नाही ते प्राण्याने ठरवावं. प्रेमाची एवढी साधी रीत आम्हाला दुसरी माहीत नाही.

किनाऱ्याला लागलेल्या प्राण्याला एकट्या मुलाने पाण्यात ढकलून देण्याचा प्रसंग दर दुसऱ्या गोष्टीत असतो. डॉल्फिन किंवा देवमासा किनाऱ्याला लागतो तो बहुधा आजारी, जखमी किंवा वाट चुकलेला असतो. ढकलला तर पुन्हा येऊन पडतो किंवा बुडतो. हो, बुडतो; तो हवेत श्वास घेतो. मोठ्या प्राण्याचं वजन पाण्याने तोललेलं असतं. वाळूवर तेच वजन त्याच्या छातीवर येतं. मुलाने काय करावं? मोठ्या माणसाला बोलवावं आणि जाणकारांना कळवायला लावावं. प्राणी पोटावर सरळ राहील असं मोठ्यांनी पाहावं, अंगावर ओली फडकी घालावीत पण श्वासछिद्र मोकळं ठेवावं, त्यात पाणी जाऊ देऊ नये. सावली करावी, बाजूच्या परांखाली वाळूत खळगे करावेत, शेपटीला किंवा परांना धरून ओढू नये, गर्दी आणि कुत्री लांब ठेवावीत. शेपटीच्या फटक्याने माणसाचं हाड मोडतं, म्हणून मुलाने त्या बाजूला उभंच राहू नये. यात मुलाला भरपूर काम आहे. फडकी पुन्हा पुन्हा ओली करणं, श्वास मोजणं, गप्प राहणं.

पाचवी तक्रार गर्दीबद्दल. तुमच्या बहुतेक गोष्टींच्या शेवटी सगळ्या गावाला प्राणी दिसतो, सगळे टाळ्या वाजवतात, मूल नायक ठरतं. जगात असं घडलं तेव्हा काय झालं ते पाहा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावच्या मुलाची आणि डॉल्फिनची गोष्ट धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने पत्रात लिहून ठेवली आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी. डॉल्फिन मुलाला पाठीवर घेऊन फिरवी. बघ्यांची रीघ लागली. एका बड्या अधिकाऱ्याने भक्तिभावाने त्याच्यावर सुगंधी तेल ओतलं, तो बिथरून खोल पाण्यात गेला आणि बऱ्याच दिवसांनी मलूल होऊन परतला. पुढे येणाऱ्या साहेबलोकांच्या सरबराईने गावाची तिजोरी रिकामी होऊ लागली, गावची शांतता गेली, आणि गावकऱ्यांनी डॉल्फिनला गुपचूप मारून टाकलं.

न्यूझीलंडमधल्या ओपोनोनी इथे १९५५–५६ च्या उन्हाळ्यात ओपो नावाची डॉल्फिन मुलांमध्ये खेळायला येई. तेरा वर्षांची एक मुलगी तिची विशेष मैत्रीण होती. हजारो लोक येऊ लागले. तिला संरक्षण देणारा नियम ८ मार्च १९५६ ला लागू झाला आणि दुसऱ्या दिवशी ती खडकांच्या कपारीत मेलेली सापडली. कॅनडाच्या नूटका खाडीत २००१ मध्ये कळपापासून तुटलेलं लूना नावाचं, ओर्का या मोठ्या डॉल्फिनचं पिल्लू एकटेपणापायी बोटींशी सलगी करू लागलं. त्याला पकडून कळपाजवळ नेण्याचा प्रयत्न २००४ मध्ये झाला, पण तिथले मूळ रहिवासी त्याला आपल्या दिवंगत प्रमुखाचं रूप मानत. त्यांनी होड्या वल्हवत त्याला दूर नेलं. मार्च २००६ मध्ये एका टगबोटीच्या पंख्यात सापडून तो मेला. माणसाची सवय झालेला प्राणी बोटीला घाबरत नाही, हे त्यामागचं साधं कारण. त्याला चारा घालत राहिलं तर ही सवय आणखी घट्ट होते.

असल्या मरणाच्या गोष्टी पाच वर्षांच्या मुलाला सांगा असं आमचं म्हणणं नाही. पण गर्दीला कळलं की काय होतं ते या सगळ्यांतून दिसतं. गुपित राखणं हाच मैत्रीचा सर्वांत अवघड भाग असतो आणि तुम्ही शेवटच्या पानावर ते सरसकट फोडता. गुपित राखून संपणारी गोष्ट विकली जात नाही, असं आम्हाला सांगितलं जातं. तसं असेल तर एकदा छापून तरी पाहा.

सहावी तक्रार थोडक्यात. प्राण्याला स्वतःचं काहीच नको असतं. मुलाचं एकटेपण गेलं की तो निघून जातो, नाहीतर मरतो. स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यांवरच्या सेल्कींच्या लोककथांत सीलची कातडी उतरवून बाई होणारी सेल्की असते; कुणी ती कातडी लपवली की तिला राहावं लागतं, आणि सापडली की ती पोरंबाळंही मागे ठेवून समुद्रात जाते. तिला काय हवं आहे हे त्या कथा कधी विसरत नाहीत. निदान आयुष्याचं माप तरी ठरवा. ऑक्टोपसच्या बऱ्याच जाती वर्ष-दोन वर्षं जगतात. मुलाची एक इयत्ता पुरी होईस्तो मित्र म्हातारा. ग्रीनलंड शार्क किमान २७२ वर्षं जगू शकतो, असं शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलं. त्याच्या लेखी आजीचं बालपण कालपरवाचं. 'कायमचे मित्र' हे शब्द या दोन्ही ठिकाणी निरनिराळे ऐकू येतात. कुठले हवेत ते निवडा.

आणि एक जोडतक्रार. समुद्र वाचवा सांगणाऱ्या पुस्तकासोबत प्लॅस्टिकची चमचम आणि पाण्यात फुगणारे मणी देणं बंद करा. ते मणी लहान मुलाने गिळले तर आतड्यात फुगून अडकतात.

आमच्या मागण्या अशा.

समुद्राची माहिती असलेल्या माणसाने हस्तलिखित चित्रं सुरू होण्याआधी वाचावं. चित्रं रंगल्यावर शेपूट बदलायला सांगणं म्हणजे सगळ्यांचाच मनस्ताप.

प्रत्येक जादुई प्राण्याचा एक पानी तक्ता करा : श्वास कसा घेतो, शेपूट कशी, पापण्या आहेत का, काय खातो, मुलाच्या शेजारी उभा केला तर केवढा, किती जगतो, पाण्याबाहेर किती मिनिटं राहतो. त्याखाली त्याची जादू एका वाक्यात आणि ती वापरल्यावर त्याला काय भोगावं लागतं ते दुसऱ्या वाक्यात. लेखक, चित्रकार आणि अॅनिमेटर यांच्याकडे हाच तक्ता असावा.

गोष्टीतल्या भेटींचं भरती-ओहोटीचं कोष्टक करा. ते पुस्तकात छापू नका, लेखकाच्या टेबलावर राहू द्या.

टब-बादली ठेवायचीच असेल तर त्याचे परिणामही ठेवा. ते कापायचे असतील तर लेखकाला विचारून कापा.

लाटा, डंख आणि किनाऱ्याला लागलेले प्राणी यांचे प्रसंग छपाईआधी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा सागरी प्राण्यांच्या बचावाचं काम करणाऱ्याला दाखवा. शेवटच्या पानावर बारीक टायपात सूचना छापून ही जबाबदारी संपत नाही.

'जादूचा आहे, चालेल' हा शेरा मात्र यापुढे लिहू नका. त्याऐवजी 'हे कसं चालेल?' असं विचारा. आमच्याकडे उत्तरं आहेत आणि ती द्यायला आम्ही केव्हाही तयार आहोत. नव्या हंगामाची बाडं तुमच्या टेबलावर येतील तेव्हा निदान एका प्राण्याचा तक्ता भरून पाहा. कुठे अडलं तर ते बाड चित्रकाराकडे जाण्याआधी आमच्याकडे पाठवा.

आपले,
समुद्रातल्या प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारे, रेखाटणारे आणि तपासणारे काही जण